शब्बीरचे बारा वेढे

प्रांजलीनं हॉल तिकीट आधी उभं फाडलं, मग आडवं फाडलं, आणि चारही तुकडे माझ्या परातीत टाकले. परातीत नुकतेच काढलेले आलुबोंडे होते. कागदाला तेल लागलं आणि तिचा अर्धा फोटो बोंड्याला चिकटला. बाकावर तिच्या शेजारी बसलेल्या शब्बीरचं तिकडे लक्षही नव्हतं. तो तिच्याच प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीनं आकडे मांडत होता. "एकशे बत्तीस," तो म्हणाला, "एकशे बत्तीसच. तार खोटं नाई बोलत."

बारावीचा फिजिक्सचा पेपर सुटून अर्धा तास झाला होता. माझं दुकान सावली गावात कॉलेजच्या फाटकासमोर आहे, चहा आणि बोंड्यांचं. एसटी माझ्या दुकानापुढेच थांबते, त्यामुळे खेड्यांवरची पोरं गाडी येईपर्यंत माझ्याकडेच बसतात. प्रांजली खोब्रागडे वैनगंगेच्या काठच्या गावाहून येणारी. तिची गाडी तीन वाजता. दोन दिवसांनी केमिस्ट्रीचा पेपर होता. ती म्हणाली, मी परवा येत नाही, कोणत्याच पेपरला येत नाही, राजुऱ्याला मामाच्या कापडाच्या दुकानात बसते. तिला नर्सिंगला जायचं होतं, हे मला दोन वर्षांपासून माहीत होतं. नर्सिंगला फिजिक्स लागतं, हेही तिनंच सांगितलं होतं.

झालं होतं असं. पेपर अवघड होता. बाकीच्या पेपराबद्दल ती बोलायलाच तयार नव्हती, कारण बाकीचा पेपर सोडवला की नुसता भरला हे तिलाच ठाऊक नव्हतं. पण ट्रान्सफॉर्मरचं एक गणित तिला पक्कं आलं होतं. तिनं ते तीनदा तपासलं होतं. पहिल्या बाजूला दोनशे तीस व्होल्ट आणि तारेचे साडेअकराशे वेढे, दुसऱ्या बाजूला चोवीस व्होल्ट पाहिजेत, तर वेढे किती? तिचं उत्तर एकशे वीस. शब्बीरचं एकशे बत्तीस. आणि आमच्या गावात विजेच्या बाबतीत शब्बीरच्या वर कोणी नाही. जे एक पक्कं होतं तेच चुकलं, तर बाकीच्याचं काय झालं असेल, असा तिनं हिशोब केला आणि तिकीट फाडलं.

आता हा शब्बीर कोण ते सांगते.

शब्बीरचं बसस्टँडच्या मागे मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. शेतातला पंप जळाला की मोटर त्याच्याकडे येते. तो तिच्या पोटातली जळकी तार उपसून काढतो आणि नवी तार वेढे मोजून भरतो. त्यानं भरलेली मोटर पुन्हा लवकर जळत नाही. उन्हाळी धानाच्या दिवसांत त्याच्या दारात मोटरी ओळीनं पडलेल्या असतात आणि मालक डोक्याला हात लावून बसलेले असतात. पण ज्या दिवशी बारावीचा फिजिक्सचा पेपर असतो, त्या दिवशी दुपारी एक वाजता शब्बीर दुकान बंद करतो. हात घासलेटानं धुतो, पांढरा सदरा घालतो, कानावर पेन्सिल ठेवतो आणि माझ्या बाकावर येऊन बसतो. मालक ओरडतात. तो म्हणतो, "आज फिजिक्स हाये." जणू घरात लग्न आहे.

त्याचं पोरगं बारावीला नव्हतं. त्याला पोरगंच नाही, दोन मुली आहेत आणि दोघी लग्न होऊन माजरीकडे गेल्या. तरी तो येतो. तीस वर्षं तरी मी पाहते आहे.

फक्त फिजिक्सलाच येतो. गणिताला नाही, केमिस्ट्रीला नाही. आणि फिजिक्समध्येही विजेपुरताच. एका पोरीनं एकदा त्याला भिंगाचं गणित विचारलं, तर म्हणाला, ते चष्मेवाल्याचं काम आहे. अणूचं विचारलं, तर म्हणाला, ते सरकारचं काम आहे. पेपर कसा गेला हे तो कधीच विचारत नाही. पोरं फाटकातून बाहेर पडली की त्याचा एकच प्रश्न असतो, "ट्रान्सफॉर्मर आला काय?" नाही म्हटलं की तो तोंड पाडून बसतो. एका वर्षी विजेचं एकही मोठं गणित आलं नाही, तर तो चहा न पिता उठून गेला. पेपर काढणारे काय झोपा काढून राह्यले काय, असं दोन दिवस म्हणत होता.

फिजिक्सच्या पेपरातून पोरं कशी बाहेर येतात ते मी इतकी वर्षं पाहिलं आहे. मराठीच्या पेपरातून येतात ती बोंडे मागत येतात. फिजिक्सच्या पेपरातून येतात ती मयतीवरून आल्यासारखी येतात. आधी कोणी बोलत नाही. मग एखादी हळूच विचारते, पहिल्याचं तुझं काय आलं? दुसरी म्हणते, बी. तिसरी म्हणते, माझं सी. मग तिघी चौथीकडे पाहतात. चौथी हुशार असते आणि ती डी म्हणते. तिथून रडणं सुरू होतं. मास्तर लोक त्यांना वर्गात बजावतात की पेपर झाला की उत्तरं जुळवू नका, पुढचा पेपर बिघडतो. पोरं मान हलवतात आणि फाटकाबाहेर येऊन जुळवतात. मला विचाराल तर उत्तर जुळवल्याशिवाय पोट्ट्यांच्या घशाखाली घास उतरत नाही, आणि जुळवल्यावर तर उतरतच नाही.

तशात शब्बीर. तो पोराच्या हातातली प्रश्नपत्रिका काढून घेतो, मांडीवर ठेवतो आणि गणित सोडवून उत्तर असं सांगतो की जणू न्यायाधीशानं निकाल दिला. तुमचं उत्तर आलं आणि पुढे एकक नाही लावलं, तर म्हणतो, "एकशे वीस काय बे? आंबे?" पोरं त्याला चुकवायला बघतात. कोणी कानाला बंद मोबाइल लावून निघतं. कोणी मागच्या भिंतीवरून उडी मारतं. एकानं सांगितलं, काका, मी आर्ट्सचा आहे. शब्बीर म्हणाला, "आज आर्ट्सचा पेपर कुठी हाये बे?" आणि त्याला हाताला धरून बाकावर बसवलं.

शब्बीर स्वतः याच कॉलेजातून फिजिक्समध्ये तीनदा नापास झालेला आहे. ही गोष्ट तो लपवत नाही, उलट सांगतो. माझं दुकान तेव्हाही होतं, नुसती एक किटली आणि दगडाची चूल. तिन्ही वेळा तो पेपर देऊन हसत बाहेर आला होता. सगळी पोरं रडत होती आणि हा दोन-दोन कप चहा पीत होता. निकाल लागला की म्हणायचा, पेपर तपासणाऱ्यानं जिंदगीत मोटर खोलून पाहिली नाही. आम्हालाही ते पटायचं. ज्याच्या हातची मोटर जळत नाही त्याला फिजिक्स येत नाही, हे कोणाला पटेल?

म्हणून त्या दिवशी प्रांजली तिकीट फाडण्याआधी माझ्याकडे पाहत होती, तेव्हा मीच तिला म्हणाले की शब्बीरनं सांगितलं म्हणजे झालं. हे मी म्हणाले. नाकारण्यात अर्थ नाही.

तिकीट फाटल्यावर शब्बीरनं मान वर केली. परातीकडे पाहिलं. त्याला वाटलं, पोरीला हिशोब समजला नाही म्हणून ती चिडली. मग तो समजावायला बसला. हिशोबानं एकशे वीसच निघतात, हे त्यालाही कबूल होतं. पण लोड पडला की व्होल्टेज बसतं, तार गरम होते, काही वीज तिथेच खाल्ली जाते. म्हणून वर दहा टक्के वेढे जास्तीचे द्यायचे. एकशे वीसवर बारा. तेव्हा कुठे चोवीस व्होल्ट पुरे मिळतात. बारा कमी दिले की गिऱ्हाईक चार दिवसांत वापस येते.

हे मला लगेच समजलं. शंभर माणसांच्या पंगतीला शंभरांचाच भात कोणी टाकत नाही. टाकला तर यजमानाची फजिती होते. मी प्रांजलीला तसं सांगायला तोंड उघडलं, आणि तेव्हाच माझ्या डोक्यात आलं की पेपरात पंगत कुठे होती.

मी तिला विचारलं, तू हे कशावरून शिकली? ती म्हणाली, बुकावरून. मी म्हटलं, आणि पेपर तपासणारा कशावरून तपासते? ती म्हणाली, बुकावरूनच. मी म्हटलं, मग बुक काढ ना. ती म्हणाली, आता काय करायचं काढून. तेव्हा मीच तिची पिशवी ओढली, त्यातलं सर्वांत जाड पुस्तक काढलं आणि शब्बीरच्या मांडीवर ठेवलं. ते जीवशास्त्राचं निघालं. वर बेडकाचं चित्र होतं. इंग्रजी मला वाचता येत नाही. प्रांजलीनं ते उचललं, बरोबर पुस्तक काढलं आणि पान उघडून त्याच्या नाकापुढे धरलं. रागानं धरलं. पोरीला राग आला हे पाहून मला बरं वाटलं, कारण रडणाऱ्या माणसाला गाडीत बसवता येतं, पेपराला परत आणता येत नाही.

शब्बीर म्हणाला, बुकाचं काय घेऊन बसली. पण पान समोर होतं, आणि पानावर ट्रान्सफॉर्मर होता. त्याला राहवलं नाही. त्यानं त्या गणितावर बोट ठेवलं आणि वाचायला लागला. ते सोडवून दाखवलेलं गणित होतं, आकडे वेगळे पण जात तीच. तो एक-एक ओळ खाली येत गेला. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. मग त्यानं पान उलटलं. मग आणखी एक उलटलं. मग परत मागे आला.

"दहा टक्के कुठी हायेत?" त्यानं विचारलं.

"नाई हायेत," प्रांजली म्हणाली.

"हे कधी काढलं यायनं?"

"कधीच नोयते, काका. प्रश्नातच लिवलं रायते, नुकसान धरायचं नाई म्हणून. हे पहा."

ती ओळ आजच्या प्रश्नपत्रिकेतही होती. गणिताच्या शेवटी, एवढीशी. शब्बीरनं ती वाचली होती, तो म्हणाला, दर वर्षी वाचत होता. त्याला वाटायचं, ते पोरांना धीर द्यायला लिहितात. नुकसान होत नाही असं कोणी खरंच धरेल आणि त्यावर मार्क देईल, हे त्याच्या मनात आलंच नव्हतं. तसा ट्रान्सफॉर्मर त्यानं पाहिला नव्हता. कोणीच पाहिलेला नाही म्हणे.

पावणेतीन झाले होते. मी कढईतले बोंडे उलटले. तो त्या ओळीवरून पुन्हापुन्हा बोट फिरवत होता. माझं लक्ष त्या बोटाकडेच. एक बोंडा करपला.

शेवटी त्यानं पेन्सिल घेतली. स्वतःचे एकशे बत्तीस खोडले. शेजारी एकशे वीस लिहिले, त्याला बरोबरची खूण केली आणि मास्तर करतात तसं बाजूला तीनपैकी तीन लिहिलं.

"तुयं बरोबर हाये, बेटा," तो म्हणाला. "मायं चुकलं. तवाबी चुकलंच होतं."

आता पोरीनं त्याचे पाय धरले असतील असं तुम्हाला वाटत असेल. तिनं नाही धरले. ती म्हणाली, मग आता तिकीट कोण देईल? अगदी रास्त विचारलं. शब्बीरनं परातीतले चारही तुकडे वेचले, पांढऱ्या सदऱ्याला पुसले आणि प्रश्नपत्रिकेवर जुळवून ठेवले. मी सांगितलं की दुसरं मिळतं. दर वर्षी कोणाचं तरी तिकीट नदीत पडतं, कोणाचं बकरी खाते. तेलात तळलेलं कॉलेजनं अजून पाहिलं नसेल, तर आता पाहील. परवा एक तास आधी ये आणि ऑफिसात माग. तिनं विचारलं, रागावतील काय? मी म्हटलं, रागावतील ना. रागवणं ऐकून घे आणि तिकीट घे.

तेवढ्यात गाडी आली. प्रांजली चढली. तिच्या मागे शब्बीरही चढला. मला वाटलं, पोरीला जागा धरून देतो आहे. पण त्याला आठवलं होतं की आज त्यानं पंधरा-वीस पोरांना एकशे बत्तीस सांगितलं आहे आणि त्यातली बरीचशी याच गाडीत बसली आहेत. दारातल्या खांबाला धरून तो उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की ट्रान्सफॉर्मरचं उत्तर एकशे वीस आहे, ज्यांचं एकशे वीस आलं त्यांचं बरोबर आहे, मी सांगितलेलं चूक आहे. कंडक्टर म्हणाला, भाऊ, तिकीट काढा नाहीतर उतरा. शब्बीरनं पुन्हा एकदा सांगितलं. पोरं हसायला लागली. एक-दोघांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली उभी राहून पाहत होते. एकजण हसत नव्हता. मागच्या बाकावरचा एक लांबोडका पोट्टा उठून म्हणाला, काका, मी पेपरात एकशे बत्तीसच लिहिलं. मागच्या वर्षी तुम्ही माझ्या भावाला सांगितलं होतं, दहा टक्के वर द्यायचे म्हणून.

शब्बीरनं त्याचं नाव विचारलं. गाव विचारलं. मग कंडक्टरनं घंटी मारली आणि त्याला उतरावं लागलं.

गाडी गेल्यावर तो बाकावर येऊन बसला. मी चहा दिला. त्यानं कप हातात धरून ठेवला, प्यायला नाही. मला वाटलं, तीन वर्षं फुकट गेल्याचं दुःख करत असेल. त्या वयात नापास झाला नसता तर कुठे तरी नोकरीला लागला असता, असं काहीतरी. मी सांगणार होते की बावन्नाव्या वर्षी त्याचं काही करता येत नाही. पण तो वेगळंच म्हणाला.

"बाई, अब्बाले नका सांगू."

त्याचे अब्बा ब्याऐंशीचे आहेत. दुकान मुळात त्यांचं. डोळे आता गेले, पण तार चिमटीत धरून तिची जाडी अजून बरोबर सांगतात. ते शाळेत गेलेच नाहीत. दहा टक्के ते कोणाकडून शिकले नव्हते. मोटरी जाळून जाळून त्यांनी स्वतः शोधून काढले होते, आणि शब्बीर बारा वर्षांचा होता तेव्हा त्याला शिकवले होते. पोरगा तिसऱ्यांदा नापास झाला तेव्हा लोक म्हणाले, मार त्याला. म्हाताऱ्यानं मारलं नाही. सगळ्या बाजारात सांगत फिरले की माझा मुलगा बरोबर आहे, पेपर तपासणारा बेइमान आहे. तेव्हापासून फिजिक्सचा पेपर झाला की संध्याकाळी ते शब्बीरला विचारतात, आणि शब्बीर त्यांना उत्तर सांगतो. एवढ्यासाठी तो दर वर्षी दुकान बंद करून माझ्या बाकावर बसत होता. मी समजत होते, शेखी मिरवायला येतो. शेखी मिरवायलाही येत होताच, ते मी काढून घेत नाही.

दोन दिवसांनी, केमिस्ट्रीच्या दिवशी, प्रांजली एक तास आधी आली. शब्बीर फाटकाशी उभा होता, केमिस्ट्रीला पहिल्यांदाच. ऑफिसातल्या बाबूनं तिला पाच मिनिटं झापलं आणि नवं तिकीट दिलं. पेपर सुटल्यावर ती बोंडा खाऊन गेली. उत्तर कोणाशीच जुळवलं नाही.

महिनाभरानं माझं मिक्सर बिघडलं म्हणून मी शब्बीरच्या दुकानात गेले. तो आत मोटर भरत होता. अब्बा दारात खुर्चीवर बसून तारेचं बंडल सोडवत होते. मला आवाजावरून ओळखलं, बसा म्हणाले. मग आत तोंड करून त्यांनी शब्बीरला विचारलं. आधीही विचारलं असेल, म्हातारी माणसं तेच-तेच विचारतात.

"बेटा, इस साल ट्रान्सफॉर्मर आया था ना? कितने निकले?"

शब्बीरनं वर पाहिलं, माझ्याकडे.

"एक सौ बत्तीस, अब्बा."

"हां," अब्बा म्हणाले, आणि तार सोडवायला लागले.

मी मिक्सर ठेवलं आणि दुकानात परत आले.

जूनच्या आधी निकाल लागला. फिजिक्समध्ये प्रांजलीला फार मार्क पडले नाहीत, पण पास होण्यापुरते पडले. त्या लांबोडक्या पोट्ट्यालाही पडले. हे शब्बीरनं त्याच्या गावी जाऊन विचारून आणलं, येताना त्याच्या घरचा जळलेला पंप घेऊन आला आणि भरून दिला. वेढे किती भरले ते मी विचारलं नाही.

त्या दुपारी बाकापाशी आम्ही तिघं होतो. प्रांजली खोब्रागडे आता गडचिरोलीला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, शब्बीर बारावी नापास आहे, आणि मी चौथी पास.